डोळे लाल, कारणें दोन

एकत्र कुटुंबाचे जे अनेक लाभ आहेत, त्यांत एक लाभ असा समजला जातो कीं, एकानें आणलेली वस्तु दहा जणांच्या उपयोगीं पडते. छत्री एक, पंचांग एक, थर्मामीटर एक, आणि फडताळांतील औषधांची पेटीहि एक. छत्री व पंचांग यांविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु औषधांच्या या सामायिक पेटीमुळें आमच्या घरावर जो अनर्थ ओढवत होता, त्याची हकीकत आज वाचकांपुढें मांडावी असें मनांत आहे. शब्दाशब्दांतील सूक्ष्म भेद मुलांस शिकविण्यांत ज्यांनीं छत्तीस वर्षें घालविलीं, त्या आम्हांस दोन लाल डोळ्यांमधला भेद ओळखतां आला नाहीं, ही कबुली त्या हकीकतींत ओघानेंच येते.

आमच्या घरांत सर्वांत वडील म्हणजे आमच्या वहिनी, कैलासवासी थोरल्या बंधूंच्या पत्नी. २०२२ सालच्या जानेवारींत त्यांच्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदूचें ऑपरेशन झालें, तेव्हां त्यांचें वय ७४ वर्षांचें होतें. ऑपरेशन उत्तम झालें. डॉक्टरांनीं दिलेले थेंब ठरलेल्या दिवसांपर्यंत घालून झाले, आणि बाटलींत उरलेलें औषध, टाकून देणें जिवावर आल्यामुळें, फडताळांतील पेटींत गेलें. पुढें चैत्र लागला आणि आमच्या धाकट्या नातवाचे डोळे खाजूं लागले. मुलगा आठ वर्षांचा. शाळेंतून घरीं आला कीं दोन्ही मुठींनीं डोळे चोळीत बसे. त्याच सुमारास वहिनींचीहि तक्रार सुरू झाली. दुपारचीं जेवणें आटोपलीं म्हणजे त्या पंख्याखालीं पोथी घेऊन बसत, आणि चार ओव्या होतात न होतात तोंच पदरानें डोळे टिपूं लागत.

“भाऊजी, डोळ्यांत कणी गेल्यासारखें वाटतें हो,” त्या म्हणाल्या. “आणि पाणी तर खळत नाहीं.”

आम्हीं दोघांचे डोळे पाहिले. दोघांचेहि लाल, आणि दोघांच्याहि डोळ्यांना पाणी. निदान करण्यास आम्हांस पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत. “वहिनी, तुमचें आणि बाळचें दुखणें एकच आहे. ही अॅलर्जी,” असें आम्हीं ठणकावून सांगितलें आणि पेटी उघडली. चिरंजिवांच्या सर्दीसाठीं व शिंकांसाठीं आणलेल्या गोळ्या होत्या, त्यांतली एक रोज रात्रीं वहिनींना सुरू केली; आणि वहिनींच्या ऑपरेशनानंतर उरलेले थेंब बाळच्या डोळ्यांत घातले.

बाळची खाज दोन दिवसांत थांबली. घरांत आमची वाहवा झाली. पुढें खाज पुनः सुरू झाली कीं तीच रिकामी बाटली दुकानदारास दाखवावी, त्यानें न विचारतां नवी द्यावी, आणि आम्हीं ती घालावी, असा क्रम २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तीन उन्हाळ्यांत चालला. वहिनींचें मात्र उलट झालें. गोळीनें त्यांस झोंप चांगली लागे, परंतु डोळ्यांची आग दिवसेंदिवस वाढत गेली. २०२४ च्या वैशाखांत त्यांनीं पोथी मिटून बासनांत बांधून ठेवली. पन्नास वर्षांचा नेम मोडला, म्हणून त्या दिवशीं त्या जेवल्या नाहींत. तेव्हां कोठें त्यांना नेत्रवैद्यांकडे न्यावें असें आमच्या मनांत आलें. शाळेस सुटी असल्यामुळें बाळहि हट्ट धरून बरोबर आला.

डॉक्टरीणबाईंनीं, घरांत कोणकोणतीं औषधें चालू आहेत, असें विचारलें. आम्हीं मोठ्या व्यवस्थितपणानें सर्व पेटीच बरोबर नेली होती, ती त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं त्यांतील ती बाटली उचलली.

“हे थेंब कोणाला घालतां?”

“नातवाला. उन्हाळा आला कीं त्याचे डोळे खाजतात.”

“किती दिवस?”

“हा तिसरा उन्हाळा.”

त्यांनीं वहिनींना थोडा वेळ थांबावयास सांगितलें आणि बाळला खुर्चीवर बसविलें. डोळ्यांतील दाब साधारणपणें पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांइतका असावा लागतो. बाळच्या उजव्या डोळ्यांत तो ३१ निघाला, डाव्यांत २९.

त्या बाटलींत स्टेरॉइड जातीचें औषध होतें. ऑपरेशनानंतरची सूज उतरावी म्हणून तें वहिनींना मोजक्या दिवसांसाठीं दिलेलें होतें, आणि त्या कामीं तें योग्यच होतें. परंतु हेंच औषध डॉक्टरांच्या देखरेखीवांचून फार दिवस घातलें तर कित्येकांच्या, आणि विशेषतः लहान मुलांच्या, डोळ्यांतील दाब वाढतो. हा दाब डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नाडीस हळूहळू मारतो. यालाच काचबिंदु म्हणतात. त्यांत डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं, आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. याच औषधानें मोतीबिंदूहि होतो. खाज मात्र छान थांबते. म्हणून घरच्या माणसांस, औषध लागूं पडलें, असें वाटत राहतें.

बाळच्या डोळ्यांतील नाडीला इजा झालेली नव्हती. थेंब थांबविले, दुसरें औषध दिलें, आणि कांहीं आठवड्यांनीं दाब पूर्ववत् झाला. परंतु वहिनी आपल्या डोळ्यांसाठीं त्या दिवशीं दवाखान्यांत गेल्या नसत्या, तर चौथा आणि पांचवा उन्हाळाहि आम्हीं त्याच बाटलीवर काढला असता. हा विचार आजहि मनांत आला कीं हातांतलें पुस्तक खालीं ठेवावें लागतें.

घरीं आल्यावर आम्हीं आमच्या चुकीचें मूळ शोधूं लागलों, तें तर्कशास्त्राच्या पहिल्याच पाठांत सांपडलें. धूर दिसला तर अग्नि आहे असें अनुमान करतां येतें. परंतु अग्नि दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. जी खूण एकाहून अधिक ठिकाणीं नांदते, तिला नैयायिक सव्यभिचार हेतु म्हणतात, आणि तिच्या आधारानें केलेलें अनुमान फसवें ठरतें. डोळ्यांची लाली आणि डोळ्यांचें पाणी या दोन्ही खुणा अशाच व्यभिचारी आहेत. त्या अॅलर्जींत असतात आणि कोरड्या डोळ्यांतहि असतात. आम्हीं त्यांच्यावरच विसंबलों. भेद दाखविणाऱ्या खुणा निराळ्या आहेत. त्या सांगण्यापूर्वीं हे दोन विकार मुळांत काय आहेत तें पाहूं.

डोळ्याच्या पुढच्या भागावर अश्रूंचा एक पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्याची जाडी कांहीं सहस्रांश मिलिमीटर एवढीच असते. त्यांत मुख्यतः तीन द्रव्यें असतात. तळाशीं चिकट द्रव्य, ज्याच्या योगानें पाणी डोळ्याला धरून राहतें. मध्यें पाणी, जें बहुतांशीं वरच्या पापणीच्या बाहेरील कोपऱ्यामागच्या अश्रुपिंडांतून येतें. आणि सर्वांत वर तेल. लोणच्याच्या बरणींत वर तेलाचा थर कशासाठीं असतो हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. डोळ्यांतलें तेलहि असेंच रक्षण करतें, तें असेपर्यंत खालचें पाणी उडून जात नाहीं. हें तेल पापणीच्या कडेला ओळीनें असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येतें. वरच्या पापणींत त्या सुमारें २५ ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० असतात. हाइन्रिख माइबोम या जर्मन वैद्यानें १६६६ मध्यें त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस त्याचेंच नांव मिळालें आहे. आपण मिनिटांतून सुमारें पंधरा वेळां पापणी लवतों, ती हा थर पुनः पुनः सारवण्यासाठीं.

पाणी कमी पडलें, किंवा तेलाच्या ग्रंथि तुंबल्या, तर हा थर जागोजाग फाटतो आणि डोळा उघडा पडतो. हा झाला कोरडा डोळा. आतां, कोरड्या डोळ्याला पाणी कां यावें, हा वहिनींचा प्रश्न अगदीं रास्त होता. डॉक्टरीणबाईंनीं ‘तुमचा डोळा कोरडा आहे’ असें म्हणतांच त्यांनीं ओला पदर पुढें करून दाखविला होता. त्याचें उत्तर असें कीं, डोळ्याच्या उघड्या पडलेल्या भागास टोंचूं लागलें म्हणजे मज्जातंतु अश्रुपिंडास हांक मारतात, आणि अश्रूंचा लोंढा येतो. हे अश्रु कांदा चिरतांना येणाऱ्या अश्रूंच्या जातीचे. त्यांत पाणीच फार. ते वळवाच्या पावसासारखे तापल्या जमिनीवरून वाहून जातात, आंत मुरत नाहींत. गाल भिजतो आणि डोळा कोरडाच राहतो.

संस्कृत वैद्यकाच्या अभ्यासकांस येथें सुश्रुतसंहितेची आठवण होईल. तिच्या उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोग सांगितले आहेत, आणि त्यांत शुष्काक्षिपाक नांवाचा एक आहे. पापण्या रुक्ष व कठीण होणें, पाहतांना गढूळ दिसणें, डोळा उघडण्यास कष्ट पडणें, असें त्याचें वर्णन आहे. आजच्या रोगाशीं तो तंतोतंत जुळतो असा आमचा दावा नाहीं; परंतु डोळा सुकतो आणि त्यामुळें दृष्टि गढूळ होते, हें निरीक्षण आपल्याकडे किती जुनें आहे तें यावरून कळून येतें.

अॅलर्जीचा प्रकार याहून अगदीं वेगळा. हा शब्द १९०६ मध्यें व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरानें बनविला. शरीराची रक्षक शक्ति एखाद्या निरुपद्रवी वस्तूलाच शत्रु समजते, आणि तिच्यावर तुटून पडते. परागकण, अंथरुणांतील धुळींत राहणारे अतिसूक्ष्म कीटक, मांजराच्या अंगावरील कोंडा, बुरशी, असल्या वस्तु डोळ्यांत गेल्या कीं तेथील मास्ट नांवाच्या पेशी फुटून त्यांतून हिस्टामिन हें द्रव्य बाहेर पडतें. त्यानें खाज सुटते, सूज येते, लाली चढते. या पेशींना चेतविणारा रक्तांतील घटक किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें १९६६ मध्यें शोधून काढला. रोग मात्र जुनाच. जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्यानें दर उन्हाळ्यांत आपल्याच डोळ्यांस व छातीस होणाऱ्या अशा विकाराची हकीकत १८१९ मध्यें लंडनच्या वैद्यसभेपुढें वाचली होती. आपल्या महाराष्ट्रांत ज्याला गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात, तें १९५० नंतरच्या दशकांत पुण्याच्या परिसरांत आढळलें आणि पुढें देशभर पसरलें. त्याचे परागहि असा त्रास देणाऱ्यांपैकींच आहेत.

सारांश, एका डोळ्यांत रक्षण करणारा थर अपुरा आहे, आणि दुसऱ्यांत रक्षण करणारी शक्ति अतिरेक करीत आहे. एकाच औषधानें दोहोंचें भागावें कसें?

आतां भेदाच्या खुणा सांगतों. घरांत कोणाचे डोळे लाल झाले तर पुढील प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न: डोळा खाजतो, कीं चुरचुरतो? हा सर्वांत महत्त्वाचा. अॅलर्जींत खाज हें मुख्य लक्षण. विशेषतः नाकाकडील कोपऱ्यांत ती अशी सुटते कीं चोळल्यावांचून राहवत नाहीं. कोरड्या डोळ्यांत आग, चुरचुर, वाळूचा कण गेल्याची भावना आणि डोळे जड होणें हीं लक्षणें पुढें असतात. बाळ मुठीनें चोळी, वहिनी पदरानें टिपीत. हा फरक दोन वर्षें आमच्या डोळ्यांदेखत होता.

दुसरा प्रश्न: त्रास केव्हां होतो? अॅलर्जी ऋतूला किंवा स्थळाला बांधलेली असते. केर काढला, माळ्यावरचीं अंथरुणें खालीं आणलीं, गवतांतून फिरून आलें, मांजर मांडीवर घेतलें, कीं थोड्याच वेळांत ती उसळते. कोरडा डोळा कामाला व हवेला बांधलेला असतो. वाचन, शिवण, मोबाईल किंवा संगणक यांपुढें बसलें, पंख्याचा वा वातानुकूलनाचा झोत तोंडावर आला, म्हणजे तो वाढतो; आणि पुष्कळांस सकाळपेक्षां संध्याकाळीं अधिक जाणवतो. नजर एका जागीं लावून बसलें म्हणजे पापणी लवण्याचें प्रमाण बरेंच घटतें, हें त्याचें कारण. मात्र पापणींतील तेलग्रंथि तुंबलेल्या असल्या तर सकाळीं उठतांनाच डोळे अधिक चिकटतात व दुखतात.

तिसरा प्रश्न: दिसण्यांत कांहीं फरक पडतो काय? अक्षरें मध्येंच पुसट होतात आणि चारदोन वेळां पापण्या मिटून उघडल्या कीं पुनः स्पष्ट दिसतात, असें असेल तर संशय कोरडेपणाचा धरावा. वहिनी पोथी वाचतांना अधूनमधून डोळे मिटून घेत. आम्ही त्याला भक्तीचें लक्षण समजत होतों.

चौथा प्रश्न: सोबती कोण आहेत? अॅलर्जीबरोबर बहुधा शिंका, नाकाची खाज, वाहती सर्दी, दमा किंवा त्वचेचा इसब असतो, आणि घराण्यांत तशी प्रवृत्ति आढळते, पापण्याहि फुगतात. कोरड्या डोळ्याच्या सोबत्यांत उतारवय, मासिक पाळी गेल्यानंतरचा काळ, मधुमेह, थायरॉइडचे विकार, आमवात व कांहीं औषधें हे येतात. डोळ्यांबरोबर तोंडहि कोरडें पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांस तें अवश्य सांगावें. स्वीडनमधील हेन्रिक श्योग्रेन या नेत्रवैद्यानें १९३३ मध्यें या त्रयीचें सविस्तर वर्णन केलें. त्यांतील दोष केवळ डोळ्यांचा नसून सर्व शरीराचा असतो.

पांचवा प्रश्न वयाचा. पांच वर्षांपासून वयांत येईपर्यंतच्या मुलांस, त्यांतहि मुलग्यांस अधिक, उष्ण व कोरड्या हवेंत अॅलर्जीचा एक तीव्र प्रकार होतो. त्यांत भयंकर खाज, उजेड न सोसणें, आणि डोळ्यांतून दोरीसारखा पांढरा चिकट स्राव येणें हीं लक्षणें असतात. बाळला हाच होता. बहुतेक मुलांस वयांत येतांना तो सोडून जातो. परंतु तोंवर सतत डोळे चोळल्यानें बुबुळावरील पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढें येण्याचा धोका असतो. म्हणून ‘लहान आहे, चोळणारच’ असें म्हणून सोडून देऊं नये.

हे प्रश्न विचारून घरच्या माणसांस अंदाज येतो. निश्चय होत नाहीं. याचें एक कारण असें कीं, दोन्ही विकार एकाच डोळ्यांत एकदम असूं शकतात. जुनी अॅलर्जी अश्रूंचा थर बिघडविते, आणि अश्रु अपुरे असले म्हणजे परागकण धुऊन जात नाहींत. नेत्रवैद्य डोळ्यांत पिवळा रंग घालून थर किती सेकंदांत फाटतो तें पाहतात; दहा सेकंदांच्या आंत फाटला तर तो दुबळा समजतात. खालच्या पापणींत टिपकागदाची ३५ मिलिमीटर लांबीची पट्टी पांच मिनिटें अडकवून ती किती भिजली हेंहि मोजतात. ही युक्ति ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरानें १९०३ मध्यें काढली. वहिनींची पट्टी चार मिलिमीटर भिजली. ती पट्टी हातांत घेऊन त्या बराच वेळ पाहत होत्या.

आतां उपचार. अॅलर्जींत थंड पाण्याच्या घड्या डोळ्यांवर ठेवाव्या. बाहेरून आल्यावर तोंड व हात धुवावे. उशांचे अभ्रे आठवड्यास गरम पाण्यांत धुवावे. केर काढण्यापूर्वीं मुलास दुसऱ्या खोलींत पाठवावें. बाहेर जातांना चष्मा घालावा. हिस्टामिनास रोखणारे ओलोपॅटाडीन, केटोटिफेन इत्यादि थेंब असतात, ते डॉक्टर वय पाहून देतात. कोरड्या डोळ्यांत याच्या उलट कोमट शेक द्यावा. स्वच्छ फडक्याची घडी मिटलेल्या पापण्यांवर पांच ते दहा मिनिटें सोसेल इतकी कोमट ठेवावी, म्हणजे गोठलेलें तेल पातळ होतें. मग पापण्यांची कड हलक्या हातानें पुसावी. पंखा डोक्यावरून बाजूला घ्यावा. वाचतांना पानागणिक थांबून आठदहा वेळां पापण्या पूर्ण मिटाव्या. कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. ते दिवसांतून चारांहून अधिक वेळां लागत असतील तर टिकाऊपणाचें रसायन न घातलेले थेंब डॉक्टरांस विचारून घ्यावे, कारण तें रसायनच पुढें डोळ्यांस बोचूं लागतें.

आणि ज्या सर्दीच्या गोळीनें वहिनींना झोंप लागत होती, तीच त्यांचे अश्रु आटवीत होती. त्या जातीच्या औषधांचा नाक सुकविण्याचा जो गुण, तोच डोळ्यांच्या बाबतींत दोष होतो. थोडक्यांत, दोन माणसांस आम्हीं दोन औषधें दिलीं, आणि दोन्ही चुकीचीं दिलीं.

लाली घालविणारे म्हणून जे थेंब दुकानांत मिळतात त्यांविषयींहि सावध असावें. ते डोळ्यांतील शिरा आवळून धरतात. त्यांचा अंमल उतरला कीं लाली पूर्वींहून अधिक येते, आणि मूळ रोग तसाच राहतो. मध, गुलाबपाणी, तूप, एरंडेल, निरनिराळे रस यांचे घरगुती प्रयोग डोळ्यांत करूं नयेत. पोटांत चालणारी वस्तु डोळ्यांत चालतेच असें नाहीं. उदबत्तीचा व धुपाचा धूर दोन्ही प्रकारच्या डोळ्यांस बाधतो. देवघरांत खिडकी उघडी ठेवल्यानें पूजेंत कांहीं उणें पडत नाहीं.

कांहीं प्रसंगीं मात्र वरील प्रश्नोत्तरांत एक क्षणहि घालवूं नये. डोळा ठणकत असेल, दृष्टि एकाएकीं कमी झाली असेल, दिव्याभोंवतीं रंगीत वलयें दिसत असतील, उजेड सोसत नसेल, एकच डोळा लालभडक झाला असेल, किंवा काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखत असेल, तर तत्काळ नेत्रवैद्यांकडे जावें. डोळ्यांत चुना किंवा दुसरें कांहीं जहाल द्रव्य उडालें तर प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्यानें डोळा पुष्कळ वेळ धुवावा आणि मग धांवावें. पिवळा पू येऊन पापण्या चिकटत असतील आणि एकामागून एक घरांतल्यांचे डोळे येत असतील, तर तो तिसराच, संसर्गाचा विकार. त्यांत टॉवेल व उशी वेगळी करणें हें पहिलें काम.

आमच्या घरांत आतां नियम केला आहे. डोळ्यांची बाटली ज्याची त्याची. तिच्यावर नांव आणि उघडल्याची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवावयाची, आणि महिना झाला कीं औषध उरलें असलें तरी टाकून द्यावयाचें. हें टाकून देणें आम्हांस प्रथम फार जड गेलें. काटकसर हा आमच्या पिढीचा धर्म. परंतु चार रुपयांच्या उरलेल्या औषधासाठीं आम्ही नातवाची दृष्टि डावाला लावीत होतों, हें एकदां कळल्यावर हात आपोआप केराच्या टोपलीकडे वळतो.

पट्ट्या लिहिण्याचें काम बाळकडे आहे. त्याच्या डोळ्यांतील दाब अजूनहि नियमानें तपासून घेतों, आणि तो ठीक आहे. वहिनींनीं बासनांत बांधलेली पोथी त्याच वर्षीं श्रावणांत पुनः सोडली. पंखा आतां दाराकडे सरकविला आहे, आणि प्रत्येक पानाच्या शेवटीं त्या डोळे मिटून थांबतात. बाळ शेजारीं बसून मोठ्यानें दहा आंकडे मोजतो, आणि मगच पान उलटतो.